आईची अर्धी कादंबरी सांभाळणाऱ्या ताईंना

ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय, रागावू नका.

आई गेल्यावर कपाटातून निघालेली कादंबरी म्हणजे दोन पिशव्या भरून पाठकोरे कागद, डायऱ्या, माझ्या कॉलेजच्या वह्यांची उरलेली पानं, आणि पाननंबर कुठेच नाही. लालबागच्या चाळीतली गोष्ट, गिरणी संपाची. एका प्रकरणात धाकटा दीर टीबीने जातो आणि पुढच्या गणपतीत तोच आरतीला टाळ वाजवतोय. संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला, तरी नवरा त्या वर्षीच्या दिवाळीत रातपाळीला निघालाय. चाळ कधी तीन मजली, कधी चार.

तुमच्या आधी ज्यांच्याकडे गेले त्यांच्याबद्दल काय बोलू. एक प्रकाशक म्हणाले शेवट आमचा माणूस लिहून देईल, तुम्ही फक्त सही करा. दुसरे म्हणाले आधी सगळं टाइप करून आणा मग बघू. आणि एकांनी कागद परत दिले ते पंच करून फाइलला लावून, क्रमाचा पार बट्ट्याबोळ, वर "मधला कचरा काढलाय" म्हणे! त्यात काय काय गेलं देव जाणे.

उरलेला "कचरा" म्हणजे बेस्टची तिकिटं होती. आई बसमध्ये लिहायची आणि खूण म्हणून तिकीट पानात घालायची. मशीनच्या तिकिटांची शाई उडत आलेली, तुम्ही भिंग लावून एकेक तारीख वाचलीत आणि पेन्सिलने उतरवलीत, तीही झेरॉक्सवर, आईच्या कागदाला तुमचा हात लागला तो फक्त पान उलटायला. त्या तारखांवरून कळलं की दीर आधीच्या खर्ड्यात मरतो, नंतर आईचं मन बदललं आणि तिने त्याला जगवलं. चूक नव्हतीच ती. हे तुम्ही मला सांगितलंत तेव्हा मी बँकेच्या लाइनीत उभी राहून रडले, मागचे काका म्हणाले नंबर आला तुमचा.

रातपाळीचा गुंता मात्र कशानेच सुटेना, तर तुम्ही तो तसाच ठेवून मागे टीप दिलीत. मी म्हटलं शेवट तरी जोडा ना काहीतरी. तेव्हा तुम्ही काफ्का या लेखकाचं सांगितलंत, तो गेल्यावर त्याच्या मित्राने, माक्स ब्रोडने, 1925 साली त्याच्या 'द ट्रायल' कादंबरीची प्रकरणं स्वतःच्या समजुतीने लावून छापली आणि त्या क्रमावर अभ्यासकांचे वाद चालूच राहिले. आपण जिथे अंदाज केलाय तिथे निदान तसं लिहू, एवढंच म्हणालात.

हातात पेन असून ते आवरणारी माणसं कुठे भेटतात हो? आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर दुसऱ्याचं वाक्यही कुणी पुरं होऊ देत नाही.

पहिलं प्रूफ आलंय. संपादक म्हणून नाव नको म्हणताय ते चालणार नाही, डीटीपीवाल्याला सांगून ठेवलंय, आईच्या नावाखाली तुमचं येणार. आणि झेरॉक्सचे पैसे तुम्ही खिशातून दिलेत ते घ्यायला रविवारी घरी या, जेवायलाच या.