लहान देणगीदारालाही दार उघडे हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सामाजिक संस्थांना मिळणाऱ्या मोठ्या देणग्यांची वृत्ते वर्तमानपत्रांत छायाचित्रांसह येतात आणि ती यावीत याविषयी दुमत नाही. परंतु त्यातून दानधर्म हे सुखवस्तू माणसांचेच काम आहे असा समज नकळत रुजतो. महिनाअखेर दूध, वीज आणि शाळेच्या रिक्षाचे पैसे भागवताना ओढाताण होणारी कुटुंबे कोल्हापुरात घरोघरी आहेत व त्यांनाही काही द्यावेसे वाटते. तरुण मंडळाचे पावतीपुस्तक त्यांच्या दारात न चुकता येते. बालगृहाचे किंवा वृद्धाश्रमाचे क्वचितच.

आपल्या जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांना मुष्टिफंडाचा मोठा आधार होता. घरच्या धान्यातून बाजूला काढलेली मूठभर ज्वारी कोणालाही जड जात नसे, आणि ती गोळा करण्याचे कष्ट संस्था घेत असे. ही दुसरी बाजू आपण विसरलो आहोत. दरमहा पन्नास रुपये देऊ इच्छिणाऱ्याला संस्थांनी आनंदाने पावती द्यावी, या महिन्यात तूरडाळ हवी आहे की वह्या हे फलकावर लिहावे आणि वर्षाचा हिशेब साध्या मराठीत लावावा. देणगीवरची आयकरातील सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही आणि ज्यांचे उत्पन्न करपात्रच नाही त्यांना तिचा तसाही उपयोग नाही. त्यांना हवा असतो तो विश्वास. गरज आधी न विचारता केलेल्या मदतीचे काय होते, हे २०१९ च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यात जुन्या कपड्यांचे जे ढीग साचले त्यांवरून आपण पाहिलेच आहे.

ज्यांना पन्नास रुपयेही काढणे कठीण आहे, त्यांनाही करता येईल असे एक काम मला विशेष महत्त्वाचे वाटते. राज्यातील धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक न्यासांनी चालवलेल्या, रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवणे बंधनकारक आहे. तथापि गगनबावडा किंवा चंदगडकडून रुग्ण घेऊन आलेल्या, आधीच भांबावलेल्या नातेवाइकाला हे कोण सांगणार? शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अर्ज आणि रुग्णालयातील समाजसेवकाची भेट, या खेपांमध्येच अनेकजण थकतात व दागिना गहाण ठेवून मोकळे होतात. आयुष्यभर कचेरीत अर्ज लिहिलेल्या माझ्यासारख्या निवृत्तांनी आठवड्यातून एक सकाळ यासाठी दिली, तर एखाद्या कुटुंबाचे वाचणारे पैसे आमच्या निवृत्तिवेतनातून निघू शकणाऱ्या कोणत्याही देणगीपेक्षा अधिक असतील. (नातवंडांना शाळेत सोडल्यानंतरचा आमचा वेळ कट्ट्यावर कसा जातो, हे सर्वांना ठाऊक आहे.) रुग्णालयांनीही या खाटांची माहिती आणि संबंधित समाजसेवकाचे नाव प्रवेशद्वारापाशी ठळक मराठीत लावावे.

आपणास विनंती अशी की, आठवड्यातून एकदा आपल्या दैनिकाने एक लहान चौकट या कामासाठी द्यावी. त्यात धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या जिल्ह्यातील संस्थांच्या किरकोळ गरजा, नोंदणी क्रमांकासह, छापाव्यात आणि मदत पोहोचल्यावर तेही त्याच जागी कळवावे.

आपला,
एक निवृत्त लिपिक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर