प्रथिनांच्या तपासणीची निविदा काढण्याआधी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
सविनय नमस्कार.

हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा धोका रक्तातल्या प्रथिनांवरून आधीच कळतो, असे सांगून मोठमोठी पॅकेजे विकली जात आहेत. सरकारी तपासणीत त्यांतले काय घ्यावे, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. अपोबी (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरचे प्रथिन) घ्या, लायपोप्रोटीन-ए (अपो(ए) हे जादा प्रथिन जोडलेला कोलेस्टेरॉलचा कण) प्रत्येकाचे आयुष्यात एकदा मोजा, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे प्रथिन) जपून वापरा. बाकीच्यांवर तूर्त पैसा घालू नका.

रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून थर साचवणाऱ्या प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो, म्हणून अपोबी मोजले की कणांची संख्याच कळते. मधुमेह किंवा वाढलेली ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) असलेल्यांत एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल ठीक दिसते, पण कण लहान आणि संख्येने जास्त असू शकतात. असा रुग्ण निर्धास्त होऊन घरी जातो. शिवाय या तपासणीला उपाशीपोटी यावे लागत नाही. शिबिरांत ही सोय फार मोलाची आहे.

खरी गफलत होते ती लायपोप्रोटीन-ए मोजताना. त्याची पातळी मुख्यतः आनुवंशिक असते, आहार-व्यायामाने फारशी हलत नाही, स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या औषधानेही उतरत नाही. साधारण पाचांतल्या एका माणसात ती 50 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा 125 नॅनोमोल प्रति लिटर या धोक्याच्या रेषेच्या वर असते. पण यातल्या अपो(ए) प्रथिनात ‘क्रिंगल’ नावाची वळणे पुन्हापुन्हा येतात आणि ती किती, हे माणसागणिक बदलते. त्यामुळे कणांची संख्या तेवढीच असूनही वजन वेगळे भरते. मिलिग्रॅमला ठरावीक आकड्याने गुणून नॅनोमोल काढणे म्हणूनच चूक. निविदेत नॅनोमोलमध्ये निकाल देणारे आणि प्रथिनाच्या आकाराने कमीत कमी फसणारे किट मागावे. ‘कमी करता येत नाही, तर मोजायचे कशाला?’ असे आपले अधिकारी विचारतील. पातळी जास्त निघाली तर एलडीएल अधिक खाली आणायचे, रक्तदाब आणि तंबाखूबाबत ढिलाई ठेवायची नाही, आणि भावंडांची व मुलांची तपासणी करायची. एका नमुन्यातून सबंध कुटुंब हाती लागते.

सीआरपी घ्यायचेच तर उच्च-संवेदनशील पद्धतीनेच. साध्या तपासणीत खालचे आकडे नीट पकडले जात नाहीत. 1 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत धोका कमी, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर गेले तर आधी संसर्ग शोधावा, दाढेचा गळूसुद्धा पुरतो. बरे झाल्यावर, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजावे. सीआरपी हे दाहाचे चिन्ह आहे; आनुवंशिक अभ्यासांत ते स्वतः रोगाचे कारण ठरलेले नाही. तेव्हा तो आकडा खाली आणणे हे कार्यक्रमाचे उद्दिष्ट ठेवू नये.

फायब्रिनोजेन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचेही तेच, आणि वर नमुन्याची कटकट. सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट लागते. नळी अर्धी भरली की रक्त पातळ होऊन आकडा खोटा कमी येतो. शेकडो प्रथिने एकदम मोजणारी पॅनेल बहुधा सापेक्ष एकके देतात, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण नव्हे, तर तुलनेने कमी की जास्त एवढेच. संशोधनाला ती उत्तम आहेत, पण त्यांवरून डॉक्टरने औषध ठरवावे अशी सर्वमान्य रेषा नाही.

शेवटची विनंती : प्रत्येक अहवालावर आकड्याखाली पुढे काय करायचे ते रुग्णाच्या भाषेत छापावे, आणि 10 च्या वरच्या सीआरपीवर ‘हृदयाचा धोका’ असा शिक्का मारायला प्रयोगशाळांना मनाई करावी.

आपले विश्वासू,
प्रयोगशाळा तपासणी व हृदयरोग प्रतिबंध क्षेत्रातील कार्यकर्ते