विहिरीचं झाकण उघडून द्या : आंबिल ओढ्याकाठच्या रहिवाशांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

कात्रजपासून पर्वतीपर्यंत आंबिल ओढ्याच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या सोसायट्या, बंगलेवाले आणि चाळकऱ्यांना ही विनंती आहे. मेअखेरीस आणि पुन्हा दिवाळीनंतर आपल्या भागातल्या सापडतील तेवढ्या विहिरी-बोअरची पाणीपातळी मोजायची आणि पाणी तपासून घ्यायचं, असं आम्ही रहिवाशांनी मिळून ठरवलं आहे. त्याला पैसे लागतील, पण त्याआधी तुमची परवानगी आणि कपाटातले जुने कागद लागतील.

कागद कशाला, ते सांगतो. पुण्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत. घट्ट काळ्या कातळात पाणी राहत नाही. ते राहतं वरच्या मुरमात, भेगांमध्ये, बारीक पोकळ्यांच्या मांजऱ्या खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. मध्येच गेरूचा तांबडा पट्टा लागतो, तो बहुधा पाणी खाली उतरू देत नाही. म्हणून एका सोसायटीला दीडशे फुटांवर भरपूर पाणी आणि कुंपणापलीकडे चारशे फुटांपर्यंत नुसती धूळ, हे आपल्याकडे नवीन नाही. पाणाडी तळहातावर नारळ घेऊन फिरायला लागला की आपण हसतो, पण आपल्यापाशी तरी दुसरा नकाशा कुठे आहे? बोअर मारणाऱ्याच्या बिलावर एकूण किती फूट, केसिंग (भोकात वरून बसवलेला पाइप) किती आणि कधीकधी पाणी कितीला लागलं हेही लिहिलेलं असतं. अशी बिलं शेजारी शेजारी मांडली की पाण्याचा थर कुठून कुठे गेला आहे, याचा अंदाज येतो. बिल हरवलं असेल तर त्या वेळच्या सेक्रेटरींना आठवत असेल ते सांगा. कुठली विहीर कधी बुजवली आणि आता कोणत्या पार्किंगखाली आहे, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याकडे तर आम्ही मुद्दाम येऊ.

या खडकाची साठवण फार थोडी. शंभर घनफूट खडकातून उपशाला मिळतं ते जेमतेम एक ते तीन घनफूट पाणी. पावसाळ्यात विहीर झपाट्याने भरते आणि उन्हाळ्यात तितक्याच लवकर खाली जाते, ती यामुळे. बेसमेंटसाठी पंधरा-वीस फूट खोदलं की नेमका पाणी धरणारा मुरूम कापला जातो आणि खड्ड्यात येणारं पाणी महिनोन्महिने मोटर लावून गटारात सोडलं जातं. आपल्याकडेही हे झालं. तक्रार केली तेव्हा विचारलं गेलं, की तुमच्या विहिरीचं पाणी यामुळेच उतरलं, याला पुरावा काय? पुरावा नव्हता, कारण आधीची पातळी कोणी लिहूनच ठेवलेली नव्हती. ही सगळी खटपट त्यासाठी.

आता पाण्याच्या गुणाविषयी. बेसॉल्टमधून, म्हणजे आपल्या या लाव्हाच्या खडकातून, झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट उचलतं. गीझरच्या कॉइलवर बसणारे पांढरे क्षार त्याचेच. उलट काही खोल बोअरचं पाणी मऊ लागतं. खडकाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक असतात (वाघोलीच्या खाणींतले स्फटिक जगभरच्या संग्राहकांकडे गेले आहेत), ते कॅल्शियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात. हे खडकाचं देणं, त्यात फारसं घाबरण्यासारखं नाही. क्लोराइड आणि नायट्रेटचं तसं नाही. बेसॉल्टमध्ये ते जवळजवळ नसतातच, त्यामुळे शेती नसलेल्या भागात दोन्ही जोडीने वाढलेले दिसले की पहिला संशय ड्रेनेजवर घ्यायचा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याला रंग, वास काही नाही. उकळून ते जात तर नाहीच, पाणी आटल्यामुळे प्रमाण उलट वाढतं, आणि वरचं दूध घेणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. पैसे वाचवायला केसिंग अर्धवट सोडलं असेल, तर वरचं घाण पाणी बोअरच्या भोकातूनच खालच्या थरात उतरतं, आणि तो थर शेजारच्यांचाही असतो. गच्चीच्या पाण्यात पार्किंगचं पाणी मिसळून, फिल्टरशिवाय थेट बोअरमध्ये सोडणाऱ्यांनीही एकदा विचार करावा.

मोजायला फार वेळ लागत नाही. वजन लावलेल्या टेपच्या टोकाला खडू फासून ती विहिरीत सोडायची आणि ओल कुठवर आली ते वाचायचं. आधी काही तास मोटर बंद हवी, एवढं सांभाळा. नमुना घेताना मात्र मोटर दहा मिनिटं चालवून पाइपातलं जुनं पाणी काढून टाकायचं, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि गळ्यापर्यंत भरायची. विहिरीत कोणीही उतरणार नाही, उतरू देऊ नये.

काही सोसायट्यांना भीती वाटते, की आकडे बाहेर गेले तर फ्लॅटचे भाव पडतील किंवा बोअरवर कर बसेल. तुमचा अहवाल फक्त तुम्हाला मिळेल. नकाशावर सोसायटीचं नाव येणार नाही, नुसता क्रमांक येईल. कराबद्दल हमी देणारे आम्ही कोण, पण आमच्याकडून यादी कुणाला जाणार नाही.

एका विहिरीच्या दोन वेळच्या तपासणीला २,००० रुपये धरले आहेत. ज्यांच्याकडे विहीर नाही, त्यांनी दुसऱ्याच्या विहिरीचा खर्च उचलला तर उत्तम, कमी दिले तरी पावती मिळेल. आम्ही नोंदणीकृत ट्रस्ट नाही, त्यामुळे देणगीवर प्राप्तिकरातली ८०जीची सवलत मिळणार नाही. रोख रक्कम गेटवर कोणाकडे देऊ नका. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर समितीचा क्यूआर कोड लावला आहे, त्यावरच भरा. हिशेब दिवाळीनंतर त्याच बोर्डावर लागेल.

माणसंही हवी आहेत: सकाळचा तासभर देऊ शकणारे निवृत्त लोक, भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी, आणि गंजलेले नट सोडवता येणारा, स्वतःचा पाना असलेला कोणीही. बोअरची झाकणं वर्षानुवर्षं उघडलेली नसतात. नावं १५ मेपर्यंत तुमच्या सेक्रेटरींकडे द्या.

आपले,
आंबिल ओढ्याकाठचे रहिवासी