परराज्यात वकील नेण्यापूर्वी नियम कळावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतील गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरलेले आहेत. दुकानाच्या भाड्यावरून किंवा भागीदारीवरून वाद झाला, की दावा तिकडच्या कोर्टात चालतो. भरवसा मात्र गावाकडच्या वकिलांवर असतो आणि ते स्वाभाविकही आहे, कारण घरची कागदपत्रे त्यांच्याच कपाटात असतात आणि त्यांच्याशी मराठीत मनमोकळे बोलता येते. माझ्या एका नातेवाइकांनी याच भरवशावर आपले वकील परराज्यात नेले. तेथे वकीलपत्रावर स्थानिक वकिलाची सही नसल्याचे निघाले, बाजू न मांडताच पुढची तारीख पडली आणि ऐनवेळी दुसरा वकील गाठून त्याची फी वेगळी भरावी लागली.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३० नुसार सनदधारक वकिलाला देशातील कोणत्याही न्यायालयात वकिली करता येते. हे कलम १५ जून २०११ पासून अमलात आले. पक्षकाराला एवढेच ऐकून माहीत असते. परंतु त्याच कायद्याच्या कलम ३४ ने वकिलांनी कोणत्या अटींवर काम चालवावे, याचे नियम करण्याचा अधिकार उच्च न्यायालयांना दिला आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार बाहेरच्या राज्यातील वकिलाला तेथे नियमित काम करणाऱ्या वकिलासह वकीलपत्र दाखल करावे लागते, अन्यथा न्यायालयाची परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे नियम वैध ठरवले.

ही अट मला अन्यायकारक वाटत नाही. नोटीस कोणाला बजावायची, वकील गैरहजर राहिल्यास जाब कोणाला विचारायचा, हे न्यायालयाला ठाऊक असलेच पाहिजे. अमेरिकेत तर सनदच राज्यागणिक मिळते आणि संघीय जिल्हा न्यायालयांत काम करण्यासाठी त्या त्या न्यायालयाच्या पटावर वेगळे नाव असावे लागते. पटावर नसलेला वकील तेवढ्या एका खटल्यापुरती परवानगी मागतो. तिला ‘प्रो हॅक व्हाइसी’ म्हणतात. त्यासाठी शुल्क आणि सनद चालू असल्याचा दाखला सामान्यतः द्यावा लागतो, अनेक ठिकाणी स्थानिक वकीलही सोबत घ्यावा लागतो. अशी परवानगी मिळणे हा बाहेरच्या वकिलाचा घटनादत्त हक्क नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ओहायो राज्यातील एका प्रकरणात म्हटले होते. तरीही तेथील न्यायालयांचे हे नियम संकेतस्थळांवर उघड असतात आणि बऱ्याच ठिकाणी अर्जाचा नमुनाही तयार मिळतो, त्यामुळे खर्चाचा अंदाज आधीच बांधता येतो.

आपल्याकडे उणीव आहे ती नेमकी याच माहितीची. परराज्यातील काम स्वीकारताना वकिलांनी तेथील नियम, स्थानिक वकिलाची गरज आणि त्याच्या फीचा अंदाज पक्षकाराला लेखी द्यावा, असा दंडक महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने घालावा. सर्व उच्च न्यायालयांचे यासंबंधीचे नियम मराठीत एकत्र करून तालुका बार असोसिएशनच्या फलकावर लावणेही अवघड नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सांगली-साताऱ्याची प्रकरणे आता तेथे चालतात. सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीकडील पक्षकारही आपले वकील घेऊन तेथे येतील. त्यांच्यासाठी तेथील नियम कन्नडमध्येही उपलब्ध व्हावेत.

– एक वाचक, विटा (जि. सांगली)