आयटीआयच्या व्हिडिओ कोपऱ्यासाठी हवं आहे: माईक, रॅम, गोधड्या आणि तुमचे चार रविवार

तालुक्यातले कारखानदार, वर्कशॉपवाले, फोटो स्टुडिओ चालवणारे, पालक आणि आपल्या आयटीआयचे माजी प्रशिक्षणार्थी, सर्वांना सस्नेह नमस्कार.

फिटर, टर्नर आणि वेल्डर या तीन ट्रेडच्या प्रशिक्षणार्थ्यांनी वर्षातल्या बारा जॉबचे (वर्कशॉपमध्ये हाताने करायच्या सरावकामांचे) व्हिडिओ स्वतः घ्यायचे, स्वतः एडिट करायचे आणि वर्गासमोर मांडायचे, असं संस्थेच्या व्यवस्थापन समितीने यंदापासून ठरवलं आहे. फाइल मारताना कोपर कुठे जातं, टूल सेंटरला लागलंय की खाली, माप घेताना हात थरथरतो का, हे गुणपत्रिकेत लिहिलेलं नसतं. तीन मिनिटांच्या व्हिडिओत ते नोकरी देणाऱ्याला दिसतं आणि त्याच्या आधी खुद्द त्या मुलाला किंवा मुलीला दिसतं.

चित्रीकरणापुरते फोन बहुतेकांकडे आहेत, त्यामुळे मोठा कॅमेरा आम्ही मागत नाही. काम अडतं ते आवाज, साठवण आणि शिकवणारी माणसं या तीन ठिकाणी.

शॉपफ्लोअरवर फोन ऑटोवर ठेवला तर काय होतं, ते लेथवर बघा. उजेड भरपूर असला की फोन शटरचा वेग, म्हणजे एका फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ, आपणहून १/१००० सेकंदापर्यंत नेतो. चक (जॉब धरून फिरवणारा भाग) ६०० आरपीएमने, म्हणजे मिनिटाला ६०० फेऱ्यांनी, फिरत असेल तर सेकंदाला दहा फेरे होतात, आणि चकला तीन जॉ (पकडणारे जबडे) असल्यामुळे एका ठिकाणाहून सेकंदाला ३० जॉ जातात. व्हिडिओही सेकंदाला ३० फ्रेमचा. प्रत्येक फ्रेमला कुठला तरी जॉ त्याच जागी सापडतो, आणि पडद्यावर चालू लेथचा चक चक्क थांबलेला दिसतो. नवशिक्यांना दाखवायच्या व्हिडिओत ही चूक धोक्याची आहे. शटर १/१०० किंवा १/५० वर बांधून टाकलं की जॉ पुसट होतात आणि चक फिरताना दिसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. त्यामुळे याच दोन आकड्यांवर चित्रात सरकणारे काळे पट्टेही येत नाहीत. एक्सपोजर आणि फोकस लॉक करायला स्क्रीनवर बोट दाबून धरायचं. त्याआधी लेन्स पुसायची, कारण ऑइलचं बोट लागलेल्या लेन्समधून सगळं धुक्यात दिसतं.

व्हर्निअरचं माप दाखवताना फोन अगदी जवळ नेला की फोकस सुटतो. २० ते २५ सेंटिमीटरवरून, दुप्पट झूम करून, स्केलच्या बरोबर समोरून घ्यायचं. फोन तिरका झाला तर रेषा एक घर सरकलेली दिसते आणि ०.०२ मिलिमीटरची चूक व्हिडिओतच तयार होते. उजेड बाजूने, दिव्यावर ट्रेसिंग पेपर लावून. नाहीतर घासलेलं स्टील चमकून आकडे खाऊन टाकतं. माप किमान पाच सेकंद स्थिर ठेवायचं आणि एडिट करताना त्या पाच सेकंदांना हात लावायचा नाही.

वेल्डिंगचं तंत्र वेगळं. आर्क पेटला की चित्र काळं होतं आणि मधे नुसता पांढरा गोळा उरतो. लेन्ससमोर हेल्मेटमध्ये बसते तीच ११ नंबरची काळी काच आणि तिच्यापुढे ठिणग्यांसाठी साधी पांढरी काच लावली तर वितळलेला धातू आणि त्याची कड स्पष्ट दिसते. फक्त तेवढंच दिसतं, म्हणून जोडणीची तयारी आणि स्लॅग (वरची खपली) काढल्यानंतरचा मणी, म्हणजे वेल्डची रेघ, काच काढून वेगळे घ्यावे लागतात. चित्रण करणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं. ‘मी तर स्क्रीनकडे बघतोय’ म्हणून उघड्या डोळ्यांनी उभं राहिलं, तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी चुरचुर सुरू होते.

आता आवाज. कॉलर माईकची वायर घालून कुणालाही चालू लेथजवळ उभं राहू देणार नाही. वायर चकमध्ये गेली तर माणूस ओढला जातो. त्यामुळे मशीन चालू असतानाचं चित्र वेगळं घ्यायचं आणि निवेदन नंतर बंद खोलीत. आमच्याकडे यासाठी स्टोअरची एक रिकामी खोली आहे, पण चारी भिंती सिमेंटच्या, बोललेलं घुमतं. यावर सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे जाड गोधड्या. दोन भिंती आणि बोलणाऱ्याच्या पाठीमागची बाजू झाकली तरी बराच फरक पडतो. माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, पंखा बंद, आणि आवाजाची पातळी दाखवणारा काटा सर्वात मोठ्या शब्दालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास. काटा शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

साठवणीचा हिशोब असा. साध्या फोनवर फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला सुमारे १३० एमबी जागा घेतो. तुकडी २० जणांची, प्रत्येकाचं कच्चं चित्रण १५ मिनिटं, म्हणजे एका जॉबला ३९ जीबी. बारा जॉब आणि तीन ट्रेड धरले की वर्षाला सुमारे १.४ टीबी. एकच प्रत ठेवून हार्ड डिस्क पडली तर वर्षाचं काम गेलं, म्हणून २ टीबीच्या दोन डिस्क हव्यात. दुसरी वेगळ्या कपाटात राहील.

एडिटिंगसाठी शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मोफत सॉफ्टवेअर वापरणार आहोत. लॅबचे चार संगणक ४ जीबी रॅमचे आहेत. फुल एचडीच्या दोन क्लिप टाकल्या की टाइमलाइन अडखळते. लहान आकाराच्या प्रॉक्सी फाइल करून काम चालवता येतं, पण त्या बनवण्यातच तास संपतो. दुसरी अडचण फोनची: तो दर सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम घेत नाही, उजेड कमी झाला की खाली उतरतो. अशी क्लिप थेट एडिटरमध्ये घेतली तर दहाव्या मिनिटाला ओठ आणि आवाज यांची फारकत झालेली असते. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून ती आधी ३० च्या स्थिर फ्रेमरेटला आणून मगच वापरायची. मराठी शीर्षकं युनिकोडमध्येच टाइप करायची, मुक्ता किंवा बलूसारखा मोफत फाँट घेऊन. जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो.

तयार व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला तर तो इतका दाबला जातो की व्हर्निअरच्या रेषाच गायब होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, हेही शिकवायचं आहे.

तर हवं आहे ते हे: ३.५ मिलिमीटर पिनचे सहा कॉलर माईक. पिनवर तीन काळ्या रिंगा असलेलेच द्या. दोन रिंगांचा माईक कॅमेऱ्याचा असतो, फोनला तो ऐकू येत नाही. टाइप-सीचे सहा कन्व्हर्टर, डॅक (डिजिटल आवाजाचं रूपांतर करणारी चिप) असलेले. डेस्कटॉपच्या डीडीआर ४ रॅमच्या ८ जीबीच्या आठ लांब पट्ट्या (लॅपटॉपची आखूड पट्टी किंवा डीडीआर ३ बसत नाही) आणि ५०० जीबीच्या चार एसएसडी. २ टीबीच्या दोन बाह्य हार्ड डिस्क. चार दणकट ट्रायपॉड. हलके ट्रायपॉड मशीनच्या कंपनाने थरथरतात. चार एलईडी पॅनेल, ११ नंबरच्या सहा काचा आणि आठ जाड, धुतलेल्या गोधड्या. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी चालू स्थितीतले पाच जुने अँड्रॉइड फोनही लागतील.

फोन देण्याआधी सेटिंग्जमधून आपलं गुगल खातं काढा आणि मग रीसेट करा. खातं न काढता रीसेट केलेला फोन तुमचाच पासवर्ड मागत कुलूपबंद राहतो. बॅटरी फुगलेला फोन कृपया आणू नका.

लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्यांना खास विनंती. चातुर्मासात तारखा नसतात. आषाढी ते कार्तिकी एकादशीच्या दरम्यानचे कुठलेही चार रविवार, सकाळी तीन तास, आम्हाला द्या. पहिल्या रविवारी चित्रीकरण, दुसऱ्या रविवारी आवाज आणि उरलेल्या दोन रविवारी एडिटिंग. एका वेळी पाच मुलंमुली तुमच्याजवळ बसतील. गर्दीत, अपुऱ्या उजेडात, दुसरी संधी नसताना शॉट कसा मिळवायचा हे तुमच्याइतकं इथे कुणाला येत नाही. त्यातली बरीचशी मुलं उद्या मशीनवर जातील, दोन-चार तुमच्याकडेही कामाला येतील.

चित्रीकरणासाठी प्रशिक्षणार्थ्यांची आणि अठरा वर्षांखालच्यांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती घेतली जाईल. संमतीशिवाय एकही व्हिडिओ संस्थेबाहेर जाणार नाही.

वस्तू संस्थेच्या कार्यालयात कामाच्या दिवशी सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळात स्वीकारल्या जातील आणि प्रत्येक वस्तूची पावती मिळेल. रोख रक्कम द्यायची असेल तर ती वरच्यापैकी कोणत्या वस्तूसाठी आहे ते पावतीवर लिहून घ्या. जमा झालेल्या आणि अजून बाकी असलेल्या वस्तूंची यादी दर सोमवारी फाटकाजवळच्या फलकावर लावली जाईल, म्हणजे एकच वस्तू दोघांनी आणायला नको.