प्रयोगशाळेतील व्हर्च्युअलायझेशन सत्रारंभीच सुरू असावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरमधील अभियांत्रिकीच्या मराठी मुलांना मी रविवारी कुबरनेटिस (अनेक संगणकांवर सॉफ्टवेअर चालवणारी आणि सांभाळणारी प्रणाली) शिकवतो. ही मुले अडतात ती मूळ विषयाला हात घालण्याच्या आधीच, आणि त्यात त्यांचा दोष नसतो, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत व्हर्च्युअलबॉक्सवर, म्हणजे संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, मिनिक्यूब हे सरावासाठीचे छोटे कुबरनेटिस चालवायला घेतले, तर एकाही संगणकावर ते सुरू होईना. दोन कोअर, दोन जीबी मोकळी मेमरी आणि वीस जीबी जागा एवढी त्याची गरज भागत होती; परंतु प्रोसेसरमधली व्हीटी-एक्स ही व्हर्च्युअलायझेशनची, म्हणजे आभासी संगणक चालवण्याची, सोय बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद होती, आणि बायोसचा पासवर्ड कोणाकडे आहे याचा शोध घेण्यातच दुपार संपली. वास्तविक विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये, परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयू निवडल्यास, व्हर्च्युअलायझेशन चालू आहे की बंद, हे लिहिलेलेच असते.

दुसरी अडचण लॅपटॉप आणि मिनिक्यूब यांच्यातील सामायिक फोल्डरची आहे, आणि ती अधिक फसवी आहे. विद्यार्थी होस्टपाथ या फोल्डर जोडण्याच्या सेटिंगमध्ये आपल्या लॅपटॉपवरील फोल्डरचा पत्ता लिहितो, पॉड (कुबरनेटिसमध्ये प्रोग्राम चालवणारा सर्वांत लहान घटक) विनातक्रार सुरू होतो आणि आतले फोल्डर मात्र रिकामे दिसते. कारण पॉड ज्यावर चालतो तो नोड म्हणजे लॅपटॉपच्या पोटातील वेगळे आभासी यंत्र असून तो पत्ता त्या यंत्रात शोधला जातो. व्हर्च्युअलबॉक्स वापरताना लिनक्सवरील ‘होम’ फोल्डर आत ‘होस्टहोम’ या नावाने आपोआप मिळते. इतर फोल्डरांसाठी ‘मिनिक्यूब माउंट’ ही आज्ञा स्वतंत्र टर्मिनलमध्ये चालू ठेवावी लागते, आणि ते टर्मिनल बंद केले की फोल्डर आतून नाहीसे होते. शिवाय बाहेर फाइल बदलल्याची सूचना आत पोहोचत नाही, त्यामुळे बदल पाहून आपोआप नव्याने सुरू होणारा सर्व्हर जुनाच कोड चालवत राहतो आणि मुले तासन्‌तास आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. हजारो लहान फाइलींसाठी हा मार्ग संथ आहे, आणि डेटाबेस तर अशा फोल्डरात मुळीच ठेवू नये.

महाविद्यालयांना विनंती आहे की, सत्र सुरू होण्यापूर्वी प्रत्येक संगणकावर व्हर्च्युअलायझेशनची सोय सुरू करून बायोसचा पासवर्ड प्रयोगशाळा-सहायकाकडे नोंदवून ठेवावा. आपल्या वृत्तपत्राने शिक्षणाच्या पानावर ही माहिती मराठीतून दिल्यास तीही अनेकांच्या उपयोगी पडेल.

आपला,
एक वाचक
लोकमान्य नगर, इंदूर