क्रीम पातळ, रेट जास्त, ऑर्डर अर्धवट : उन्हाळ्यातल्या सप्लायबद्दल तक्रार

व्यवस्थापक साहेब, नमस्कार.

मी सांगलीत घरगुती आइस्क्रीम करून विकते, सहा वर्षं झाली क्रीम तुमच्याच डेअरीचं घेतेय. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात २० किलोची ऑर्डर दिली, आलं १२ किलो, आणि रेट किलोला ३२० चा ३६० झालाय हे गाडी दारात उभी असताना ड्रायव्हरकडून कळलं. लग्नाची ऑर्डर अंगावर होती म्हणून मुकाट्यानं पैसे दिले. रात्री फेटायला घेतलं तर अर्धा तास बीटर फिरतोय, भांड्याखाली बर्फ ठेवला, तरी क्रीम काही उभं राहीना, चमचा उचलला की सरळ ओघळून खाली. मग पिशवी लाइटखाली धरून बघितली तर फॅट २५ टक्के! आधी ४० असायचं. पिशवी तीच, रंग तोच, फक्त मागचा बारीक आकडा बदललेला. २५ टक्क्याला नियमात लो फॅट क्रीम म्हणतात आणि ते फेटून फुगत नाही हे तुम्हाला माहीत असणारच. आधी एक किलो फॅट मला ८०० ला पडायचं, आता १४४० ला पडतंय. लग्नवाल्यांना माल कमी दिला, त्यांचे पैसे परत केले, वर बोलणी खाल्ली ती वेगळीच.

कस्टमर केअरला फोन केला तर "उन्हाळा आहे मॅडम, शॉर्टेज आहे" एवढंच. अहो उन्हाळ्यात दूध कमी होतं हे मला नका सांगू, माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. दिवाळीच्या आसपास व्यालेल्या म्हशी आता आटायला लागतात, मार्चमध्ये कारखाने बंद झाले की उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, मिळायचं थांबतं, वैरण विकत घ्यावी लागते, उन्हानं गाय नीट खात नाही, आणि नेमकं याच दिवसात ताक, लस्सी, श्रीखंड, आइस्क्रीम सगळ्यालाच मागणी. मग रेट वाढणार, मान्य आहे मला. पण माझा भाऊ तुमच्याच संकलन केंद्रावर गाईचं दूध घालतो, ३.५ फॅट ८.५ एसएनएफला (म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) त्याला फेब्रुवारीत जो दर होता तोच आज आहे, मी स्वतः स्लिपा बघितल्या. मग माझ्याकडून जास्तीचे घेतलेले पैसे गेले कुठे? वैरणीला गेले असते तर मी एक शब्द बोलले नसते.

१२ किलोच्या फॅटमधला फरक मला पुढच्या बिलात वळता करून द्या. फॅटचा आकडा पिशवीच्या पुढच्या बाजूला मोठा छापा. ४० टक्क्याचं देता येत नसेल तर आठ दिवस आधी सांगा, मी ऑर्डरी घेणार नाही. आणि भावाच्या केंद्रावरचा दर कधी वाढणार तेही लेखी कळवा.

दोन पिशव्या न फोडता फ्रीजमध्ये ठेवल्यात, बॅच नंबरचा फोटो सोबत जोडलाय. माणूस पाठवून तपासून घ्या, पण अक्षय्य तृतीयेच्या आधी, कारण त्या दिवसाची ऑर्डर मी घेऊन बसलेय.

आपली ग्राहक